मोठी संख्या उलगडायची कशी: १,०६,८३,२८८ चे गुणधर्म, कागदावर, पायरीपायरीने

एखादी आठ अंकी संख्या समोर ठेवून विचारले, "हिच्याबद्दल काय काय सांगता येईल?", तर बहुतेक जण सम की विषम एवढे सांगून थांबतात. फार तर अंकांची बेरीज करतात. पण त्या संख्येला एकूण विभाजक किती, त्यांची बेरीज किती, ती दोन वर्गांची बेरीज होते का, तिने १ ला भागले तर दशांश चिन्हापुढचे अंक किती स्थानांनंतर पुन्हा तेच येऊ लागतात, हे सगळे कागद-पेन्सिलीवर काढता येते. त्यासाठी विशेष गणित लागत नाही, भागाकार आणि चिकाटी लागते.

क्रम मात्र चुकवायचा नाही. आधी मूळ अवयव पाडायचे आणि बाकीचे गुणधर्म त्यानंतर काढायचे. विभाजकांची संख्या आधी मोजायला बसलात तर विभाजक एकेक शोधत राहाल आणि त्यातले काही निसटतीलच. मूळ अवयव हाती असले की तोच प्रश्न एका ओळीच्या गुणाकाराचा होतो. म्हणून या लेखाचा मोठा भाग अवयव पाडण्यावर आणि त्यांचा ताळा करण्यावर खर्च केला आहे. पुढचे गुणधर्म त्या मानाने भरभर येतील.

उदाहरणासाठी संख्या घेऊ १,०६,८३,२८८, म्हणजे एक कोटी सहा लाख त्र्याऐंशी हजार दोनशे अठ्ठ्याऐंशी. शेजारी कागद घ्या आणि प्रत्येक भागाकार स्वतः करून पाहा. नुसते वाचून यातले फारसे हाती लागणार नाही.

पहिली पायरी: वर्गमूळाचा अंदाज

सुरुवातीलाच वर्गमूळ काढून ठेवा. ३२६८ चा वर्ग १,०६,७९,८२४ आणि ३२६९ चा वर्ग १,०६,८६,३६१. आपली संख्या या दोहोंच्या मधे आहे, तेव्हा ती पूर्ण वर्ग नाही हे लगेच कळले.

दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे. संख्या संयुक्त असेल तर तिचा निदान एक मूळ अवयव वर्गमूळापेक्षा मोठा नसतो, कारण दोन्ही अवयव वर्गमूळाहून मोठे असते तर गुणाकार संख्येच्या पुढे गेला असता. म्हणजे शोध ३२६८ पर्यंतच करायचा. तरी तिथपर्यंत चारशेहून अधिक मूळ संख्या आहेत, आणि इतके भागाकार हाताने करणे नकोसे होते. सुदैवाने ही हद्द दर भागाकारानंतर खाली येत जाते. एखादा अवयव सापडला की लगेच भाग द्यायचा आणि उरलेल्या संख्येचे वर्गमूळ नव्याने काढायचे. सुरुवातीच्या संख्येलाच धरून बसणे ही या कामातली सगळ्यात महाग सवय आहे.

दुसरी पायरी: २ आणि ३ संपवणे

शेवटचे तीन अंक २८८, त्यांना ८ ने भाग जातो, म्हणून अख्ख्या संख्येला ८ ने भाग जातो. १००० ला ८ ने निःशेष भाग जात असल्याने डावीकडचे अंक काहीही असले तरी फरक पडत नाही. भाग देत जाऊ:

१,०६,८३,२८८ ÷ २ = ५३,४१,६४४
५३,४१,६४४ ÷ २ = २६,७०,८२२
२६,७०,८२२ ÷ २ = १३,३५,४११

विषम संख्या आली, २ संपले. वहीत "२, तीनदा" असे लिहून ठेवा. किती वेळा भाग गेला हा आकडा पुढे प्रत्येक सूत्रात लागणार आहे.

१३,३५,४११ च्या अंकांची बेरीज १८. तिला ९ ने भाग जातो, म्हणून संख्येलाही जातो. ३ ने दोनदा भागले की ४,४५,१३७ आणि मग १,४८,३७९. या शेवटच्या संख्येच्या अंकांची बेरीज ३२ येते, ३ ने भाग जात नाही. म्हणजे ३ दोनदाच. शेवटचा अंक ० किंवा ५ नाही, त्यामुळे ५ चा प्रश्न येत नाही.

तिसरी पायरी: ७, ११ आणि १३ एका फटक्यात

७ ची कसोटी शाळेत बहुधा टाळली जाते, कारण ती लक्षात ठेवायला अवघड वाटते. पण ७, ११ आणि १३ या तिघांसाठी मिळून एकच सुंदर कसोटी आहे. ७ × ११ × १३ = १००१. म्हणजे १००० हे या तिघांच्याही दृष्टीने १००१ वजा १, बाकीच्या हिशेबात उणे १. म्हणून संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि ते आळीपाळीने अधिक-वजा करायचे.

इथे आपल्याकडे हमखास एक चूक होते. लाख-कोटीच्या पद्धतीने दिलेले स्वल्पविराम पाहून गट पाडले जातात आणि उत्तर साफ चुकते. आपल्या लेखनात पहिला गट तीन अंकांचा असतो आणि पुढचे दोन-दोन अंकांचे. या कसोटीला सगळे गट तीनचेच हवेत. तेव्हा स्वल्पविराम पुसून संख्या नव्याने लिहा: १० ६८३ २८८.

२८८ − ६८३ + १० = −३८५

३८५ म्हणजे ५ × ७ × ११. तेव्हा आपल्या संख्येला ७ ने आणि ११ ने भाग जातो, १३ ने जात नाही. ३८५ मधला ५ पाहून ५ ने भाग जातो असे समजू नका. ही कसोटी फक्त १००१ च्या अवयवांबद्दल बोलते.

११ ची खात्री दुसऱ्या वाटेनेही होते. उजवीकडून विषम स्थानचे अंक ८, २, ८, ० यांची बेरीज १८. सम स्थानचे ८, ३, ६, १ यांचीही बेरीज १८. फरक शून्य, ११ ने भाग जातो.

१,४८,३७९ ÷ ७ = २१,१९७
२१,१९७ ÷ ११ = १,९२७

२१,१९७ ला पुन्हा ७ ने भागून पाहा, बाकी १ उरते. १,९२७ ला ११ ने भागले तर बाकी २. दोघेही एकेकदाच आहेत.

चौथी पायरी: उरलेली हट्टी संख्या

आता उरले १,९२७. एक कोटीच्या वरून आपण दोन हजारांच्या आत आलो आहोत आणि शोधाची हद्द ३२६८ वरून ४३ वर आली आहे, कारण ४४ चा वर्ग १,९३६ होतो. ११ पर्यंतच्या मूळ संख्या संपल्या, १३ चा निकाल वरच्या कसोटीत लागला. राहिल्या १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३. एकेक करून पाहिले तर १७ ला बाकी ६, १९ ला ८, २३ ला १८, २९ ला १३, ३१ ला ५, ३७ ला ३, आणि ४१ ला बाकी शून्य. १,९२७ = ४१ × ४७.

हे सरळ चालून जाणे झाले. फर्माने सतराव्या शतकात दाखवलेली वाट इथे याहून झटपट पोचते. विषम संयुक्त संख्या नेहमी दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात लिहिता येते. तेव्हा वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्ण संख्येचा वर्ग घ्यायचा, त्यातून आपली संख्या वजा करायची आणि उरलेले पूर्ण वर्ग आहे का ते पाहायचे. नसेल तर पुढची संख्या घ्यायची.

४४ × ४४ − १,९२७ = १,९३६ − १,९२७ = ९ = ३ × ३

पहिल्याच प्रयत्नात वर्ग मिळाला. म्हणून १,९२७ = (४४ − ३)(४४ + ३) = ४१ × ४७.

ही पद्धत मला फार आवडते, पण तिची मर्यादाही माहीत हवी. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच ती वेगवान असते. १,९२३ घ्या. तिचे अवयव ३ आणि ६४१. फर्माच्या वाटेने ४४ पासून निघून थेट ३२२ पर्यंत जावे लागेल, म्हणजे २७९ प्रयत्न, आणि ३ ने भागणाऱ्याला उत्तर क्षणात मिळाले असते. म्हणून लहान मूळ संख्यांनी आधी भागून घ्या, फर्माची पद्धत नंतर वापरा.

पाचवी पायरी: ताळा, आणि तो कोणत्या संख्येने करायचा

आतापर्यंतचा निकाल असा आहे:

१,०६,८३,२८८ = २ × २ × २ × ३ × ३ × ७ × ११ × ४१ × ४७

इथे थांबून ताळा कराच. पुढचे सगळे या एका ओळीवर उभे राहणार आहे.

सवयीने नवाचा ताळा केला जातो. इथे तो निरुपयोगी आहे. अवयवांमध्ये ३ दोनदा आहे, त्यामुळे बाकीचे अवयव कितीही चुकले तरी उजव्या बाजूची बाकी शून्यच येणार आणि ताळा जमल्याचा भास होणार. ११ च्या ताळ्याचीही तीच गत. ताळा नेहमी अवयवांत नसलेल्या संख्येने करावा.

१३ सोयीची आहे, कारण तिची बाकी आपल्याकडे जवळपास तयार आहे. मघाचे −३८५ घ्या, त्यात ३९० मिळवा, बाकी ५. आता अवयवांकडून: ८ × ९ = ७२, बाकी ७. गुणिले ७ = ४९, बाकी १०. गुणिले ११ = ११०, बाकी ६. ४१ ची बाकी २, म्हणून १२. ४७ ची बाकी ८, म्हणून ९६, आणि ९६ ची बाकी ५. जुळले.

आणखी पक्के करायचे तर १०१ घ्या. १०० म्हणजे १०१ वजा १, म्हणून इथे दोन-दोन अंकांचे गट आळीपाळीने अधिक-वजा करायचे: ८८ − ३२ + ६८ − १० = ११४, बाकी १३. दुसऱ्या बाजूने, ८ × ९ × ७ × ११ = ५,५४४, बाकी ९०. १,९२७ ची बाकी ८. ९० × ८ = ७२०, बाकी १३. हेही जुळले. दोन्ही ताळ्यांतून एखादी आंधळी चूक निसटण्याची शक्यता साधारण १,३१३ मध्ये एक इतकीच राहते.

विभाजक: किती आणि बेरीज किती

इथून पुढे वेग वाढतो. विभाजक बनवताना २ हा शून्य, एक, दोन किंवा तीन वेळा घेता येतो, म्हणजे ४ पर्याय. ३ साठी ३ पर्याय. ७, ११, ४१, ४७ यांना प्रत्येकी २.

४ × ३ × २ × २ × २ × २ = १९२

एकूण १९२ विभाजक. यांतले विषम किती? २ घ्यायचाच नाही, म्हणून १९२ चा चौथा भाग, ४८. पूर्ण वर्ग असलेले किती? २ आणि ३ शून्यदा किंवा दोनदा, बाकीचे कुणी नाही, म्हणजे चारच: १, ४, ९, ३६.

१९२ हा आकडा मोठा की लहान, हे तुलनेशिवाय कळत नाही. रामानुजन यांनी १९१५ साली अशा संख्यांवर मोठा निबंध प्रसिद्ध केला, ज्यांना आपल्यापेक्षा लहान असलेल्या कुठल्याही संख्येहून जास्त विभाजक असतात. १,०८,१०,८०० ही त्यांपैकी एक. आपल्या संख्येपेक्षा ती जेमतेम १,२७,५१२ ने मोठी आहे, पण तिला ४८० विभाजक आहेत. कारण तिच्या अवयवांकडे पाहिले की समजते: २ चारदा, ३ तीनदा, ५ दोनदा आणि ७, ११, १३ एकेकदा. सगळे वजन लहान मूळ संख्यांवर आहे. आपल्या संख्येत ५ आणि १३ नाहीत आणि ४१, ४७ यांनीच जवळजवळ दोन हजारपट जागा खाल्ली आहे.

विभाजकांची बेरीज काढताना प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांची बेरीज करून त्या बेरजा गुणायच्या. २ साठी १ + २ + ४ + ८ = १५. ३ साठी १ + ३ + ९ = १३. इतरांसाठी ८, १२, ४२, ४८.

१५ × १३ = १९५, × ८ = १,५६०, × १२ = १८,७२०, × ४२ = ७,८६,२४०, × ४८ = ३,७७,३९,५२०

यातून संख्या स्वतः वजा केली तर २,७०,५६,२३२ उरतात. हे संख्येपेक्षा जास्त आहे, म्हणून ही विपुल संख्या. तेवढेच जाणून घ्यायचे असेल तर इतका गुणाकारही नको. ६ च्या पुढची ६ ची प्रत्येक पट विपुल असते.

सहमूळ संख्या

१ पासून आपल्या संख्येपर्यंत अशा किती संख्या आहेत, ज्यांचा आपल्या संख्येशी १ खेरीज सामाईक विभाजक नाही? ऑयलरच्या सूत्राने प्रत्येक मूळ अवयवासाठी त्याचा घात वजा आधीचा घात घ्यायचा: ८ − ४ = ४, ९ − ३ = ६, मग ६, १०, ४०, ४६. गुणाकार २६,४९,६००. म्हणजे साधारण चौथा भाग.

वर्गांशी नाते

हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो, कारण इथे घातांकांची सम-विषमता सगळे ठरवते.

पूर्ण वर्गासाठी सगळे घातांक सम लागतात. आपल्याकडे फक्त ३ चा घातांक सम आहे. बाकीचे २, ७, ११, ४१, ४७ एकेकदा गुणले, म्हणजे २,९६,७५८ ने गुणले, की संख्या पूर्ण वर्ग होईल. त्याच संख्येने भागले तर ३६ उरतात आणि तोही पूर्ण वर्गच.

योगायोगाने अंकांची बेरीजही ३६ आहे: १ + ० + ६ + ८ + ३ + २ + ८ + ८. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना द. रा. कापरेकर यांनी हर्षद संख्या म्हटले. आपली संख्या त्यांपैकी आहे.

दोन वर्गांची बेरीज म्हणून ही लिहिता येत नाही. ४ ने भागल्यावर ३ उरणारा कोणताही मूळ अवयव विषम वेळा आला की ते अशक्य होते, आणि इथे ७, ११, ४७ असे तिघे आहेत. तीन वर्गांची बेरीज मात्र होते. लजांड्रच्या प्रमेयानुसार, ४ ने जितक्या वेळा भाग जाईल तितका देऊन उरलेल्या संख्येला ८ ने भागल्यावर बाकी ७ आली तरच अडते. आपल्याकडे एकदा ४ ने भागून २६,७०,८२२ उरतात आणि त्यांची ८ ने बाकी ६ येते.

वर्गांच्या वजाबाकीचे काय? ४ ने भाग जाणारी संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीच्या रूपात मांडता येतेच. दोन्ही अवयव सम घ्यायचे म्हणजे २६,७०,८२२ च्या जोड्या मोजायच्या. तिला ९६ विभाजक आहेत, म्हणून ४८ रीती. त्यांतली वर्गमूळाच्या सर्वांत जवळची शोधायला फर्माचीच वाट धरू. ३२६९, ३२७०, ३२७१, ३२७२ यांच्या वर्गांतून संख्या वजा केली तर ३,०७३, ९,६१२, १६,१५३, २२,६९६ येतात, एकही वर्ग नाही. पुढची पायरी:

३२७३ × ३२७३ = १,०७,१२,५२९
वजा १,०६,८३,२८८ = २९,२४१ = १७१ × १७१

म्हणजे संख्या = ३,१०२ × ३,४४४. पहिल्या पायरीतल्या वर्गमूळापासून निघून पाचव्या प्रयत्नात अवयव पडले असते.

द्विमान रूप

द्विमान रूप म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेली संख्या. सतत २ ने भागून बाक्या उलट्या क्रमाने लिहिल्या की मिळते १०१० ००११ ०००० ००११ १००१ १०००. चोवीस अंक, कारण संख्या २ च्या २३ व्या घाताच्या (८३,८८,६०८) वर आणि २४ व्या घाताच्या (१,६७,७७,२१६) खाली आहे. शेवटची तीन शून्ये २ चा घातांक ३ असल्याचे पुन्हा सांगतात. एकदा हिशेब तपासायचा असेल तर नऊ एकांच्या किमतींची बेरीज करून पाहा.

१ भागिले ही संख्या

भागाकार न करता त्याचे रूप सांगता येते. २ आणि ५ हे अवयव फक्त सुरुवातीचे, एकदाच येणारे अंक ठरवतात. २ तीनदा आहे, ५ नाही, म्हणून दशांश चिन्हानंतरचे पहिले ३ अंक आवर्तनाच्या बाहेर. नंतर आवर्तन सुरू. त्याची लांबी काढायला प्रत्येक उरलेल्या अवयवाचे आवर्तन पाहायचे: १/९ चे १ अंकी, १/७ चे ६, १/११ चे २, १/४१ चे ५ (०२४३९ पुन्हापुन्हा), १/४७ चे ४६. यांचा लसावि ६९०. तेव्हा तीन अंक सोडून पुढे दर ६९० अंकांनी तीच मालिका येत राहते. साध्या गणकयंत्राच्या पडद्यावर हे कधीच दिसणार नाही. अवयवांमुळे ते कागदावर दोन ओळींत कळते.

संख्या खूपच मोठी असेल तर

वीस-तीस अंकी संख्या असेल तर संगणक घ्या, पण आधी साधन तपासा. बहुतेक तक्तापत्रकांमध्ये (स्प्रेडशीटमध्ये) संख्येचे पहिले १५ अंकच टिकतात, पुढच्यांच्या जागी शून्ये येतात. जावास्क्रिप्ट या संगणकभाषेतली साधी संख्या ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक अचूक धरत नाही. अशा ठिकाणी काढलेली बाकी कचऱ्यात टाकण्याच्या लायकीची असते. पायथनमध्ये पूर्णांकांना अशी हद्द नाही, आणि लिनक्सवर फॅक्टर ही आज्ञा थेट अवयव देते.

लहान मूळ संख्या काढून टाकल्यावर उरलेली संख्या मूळ आहे की संयुक्त हे आधी ठरवा. हा प्रश्न अवयव पाडण्यापेक्षा खूप सोपा आहे. संख्या मूळ असेल तर २ चा (संख्या वजा १) इतका घात घेऊन तिने भागल्यावर बाकी १ यायलाच हवी. १,९२७ साठी २ च्या १,९२६ व्या घाताची बाकी येते १,५४०. म्हणजे एकही अवयव न शोधता ती संयुक्त ठरली. उलट दिशेने सावध राहा. ५६१ ही ३ × ११ × १७ असूनही या परीक्षेत १ देते. म्हणून मिलर आणि राबिन यांची सुधारलेली परीक्षा वापरतात. २ ते ३७ या बारा मूळ संख्या पाया धरून, म्हणजे घात घेताना २ च्या जागी एकेक घेऊन, ती केली तर २३ अंकांपर्यंतच्या कोणत्याही संख्येचा निकाल निर्विवाद असतो. संख्या कितीही मोठी असली तरी ती मूळ आहे का हे वाजवी वेळात ठामपणे ठरवणारी सर्वसाधारण रीत २००२ साली मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी आयआयटी कानपूरमध्ये दिली.

संयुक्त आहे हे कळणे आणि अवयव हाती येणे यांत किती अंतर पडू शकते, हे २ चा ६७ वा घात वजा १ या संख्येने दाखवले. ती संयुक्त असल्याचे ल्यूकासने १८७६ साली सिद्ध केले. अवयव मात्र १९०३ साली फ्रँक नेल्सन कोल यांनी मांडले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. तुमच्या संख्येचा असा भाग उरला तर वहीत "संयुक्त, अवयव अज्ञात" असे स्पष्ट लिहा आणि विभाजकांची संख्या सांगू नका.

तरीही एक गोष्ट अवयवांशिवाय नेहमी काढता येते, ती म्हणजे दुसऱ्या संख्येबरोबरचा मसावि. युक्लिडच्या रीतीने मोठ्याला लहानाने भागायचे आणि मग भाजकाला बाकीने, बाकी शून्य होईपर्यंत. आपली संख्या आणि मघाची १,०८,१०,८०० घेऊ:

१,०८,१०,८०० = १ × १,०६,८३,२८८ + १,२७,५१२
१,०६,८३,२८८ = ८३ × १,२७,५१२ + ९९,७९२
१,२७,५१२ = १ × ९९,७९२ + २७,७२०
९९,७९२ = ३ × २७,७२० + १६,६३२
२७,७२० = १ × १६,६३२ + ११,०८८
१६,६३२ = १ × ११,०८८ + ५,५४४
११,०८८ = २ × ५,५४४ + ०

मसावि ५,५४४. आपल्या संख्येला त्याने भागा, उत्तर येते १,९२७. दुसरी आणि तिसरी पायरी या सात ओळींत आटोपली, कारण १,०८,१०,८०० मध्ये लहान मूळ संख्या पुरेशा वेळा भरलेल्या आहेत. अवाढव्य संख्येवर काम करताना असेच करतात. लहान मूळ संख्यांचा एक मोठा गुणाकार तयार ठेवायचा, त्याच्याशी मसावि काढायचा, मिळालेल्या मसाविने भागायचे, आणि मसावि १ येईपर्यंत उरलेल्या संख्येवर तेच पुन्हा करायचे. त्यानंतर जे उरते त्यावरच मूळ-संयुक्ताची परीक्षा चालवायची.